जन्मवर्षाच्या नाण्यांच्या संचातलं दहाचं नाणं खोटं नाही

नागपुरात सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत अजूनही ऐकू येतं की रुपयाचं चिन्ह नसलेलं, पंधरा रेघांचं दहाचं नाणं नकली. या समजापायी 2010 साली जन्मलेल्या मुलामुलींसाठी आईबाबा त्या वर्षाची नाणी जमवतात आणि नेमकं दहाचंच बाजूला काढतात. वाईट वाटतं, कारण त्या संचातलं ते सगळ्यात देखणं नाणं, दोन धातूंचं.

रुपयाचं चिन्हच मुळी जुलै 2010 मध्ये स्वीकारलं गेलं आणि नाण्यांवर ते 2011 पासून आलं. मग 2010 च्या नाण्यावर ते असणार कुठून? पंधरा रेघांची रचना आधीची, चिन्हासह दहा रेघांची नंतरची. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं, की दहाच्या नाण्याच्या तोवर आलेल्या चौदाही रचना वैध आहेत. सिव्हिल लाइन्समध्ये तिचं कार्यालय असलेल्या शहरात तरी हा गैरसमज टिकायला नको.

सालाखालची खूणही अशीच घोळ घालते. चौकट मुंबईच्या टांकसाळीची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसतेच, म्हणून खूण नाही एवढ्यावरून नाणं टाकू नका. जमलं तर एकाच सालाची चारही टांकसाळींची नाणी शोधा, त्यात खरी मजा आहे.

आणि हो, चिंच किंवा पितांबरीने घासू नका, मूळ झळाळी जाते ती परत येत नाही.