बारकोडमध्ये 666 लपलेला नाही

बारकोडच्या दोन्ही टोकांच्या आणि मधल्या लांब रेघा म्हणजे तीन वेळा 6, म्हणजेच बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातल्या 13व्या अध्यायातली श्वापदाची खूण, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतोय. श्रद्धावानांना विनाकारण घाबरवणारा हा समज आहे.

त्या रेघांना अंकमूल्यच नसतं. कोड कुठे सुरू होतो, त्याचा मध्य कुठे आहे, कुठे संपतो, एवढंच त्या स्कॅनरला सांगतात. प्रत्येक अंक 7 घरांचा (सारख्या रुंदीच्या उभ्या पट्ट्यांचा) असतो, टोकाची जोडी फक्त 3 घरांची. उजव्या भागातल्या 6 मध्येही दोन बारीक रेघा असतात, पण त्यांच्यापुढे 4 घरं कोरी. गफलत होते ती इथेच.

आता वचन. प्रकटीकरणाचा लेखक योहान 666 हा आकडा मोजायला सांगतो. हिब्रूत अक्षरांनाच अंकमूल्य असतं: ‘नेरोन’ 50+200+6+50, ‘कैसर’ (सम्राट) 100+60+200, बेरीज 666. शेवटचा ‘न’ गाळला की 616, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत नेमका 616च आहे! म्हणून अनेक अभ्यासक इथे ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा रोमन सम्राट नेरो पाहतात.

शिवाय 13:15 मध्ये प्रश्न उपासनेचा आहे, खूण नसेल तर खरेदी-विक्री नाही ही अट त्यानंतर येते. आणि 14:1 मध्ये कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, 1,44,000 जणांच्याही कपाळावर नाव आहेच; त्याला कुणी बारकोड म्हणत नाही. असा संदेश आला की 13:11 ते 14:5 सलग वाचा, मगच पुढे पाठवायचं की नाही ते ठरवा.