मातीतली पकड, बाहीतली पकड

बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्यांचं मैदान असलं की शेजारी बसलेलं कोणीतरी हमखास म्हणतं, "ज्युडो म्हणजे काय, कोट घालून कुस्तीच की!" वर्षानुवर्षं हे ऐकतोय. नुसतं बोलणं असतं तर सोडून दिलं असतं. पण तालमीतली चांगली, दमदार पोरं हीच समजूत घेऊन ज्युडोच्या मॅटवर येतात, पहिल्याच आठवड्यात निम्म्या वजनाच्या पोरांकडून पडतात आणि "हे आपलं काम नव्हे" म्हणून परत जातात. याचं मला फार वाईट वाटतं.

कुस्ती बेळगाव-खानापूरच्या माणसाला मी काय सांगायची? लाल माती, सलामी, खडाखडी, पट, ढाक, घिस्सा, पाठ लागली की निकाल. ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

ज्युडो जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत सुरू केला. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतले जीवघेणे प्रकार वगळून त्यांनी तो घडवला. १९६४ मध्ये तो ऑलिंपिकमध्ये आला. मोठ्यांची लढत ४ मिनिटांची. तेवढ्यात निकाल लागला नाही तर गोल्डन स्कोअर, म्हणजे जो आधी गुण घेईल तो जिंकला, आणि त्याला वेळेची मर्यादा नाही. पट्ट्यांचे रंग, वाकून नमस्कार, जपानी नावं हे सगळं महिनाभरात अंगवळणी पडतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. आणि पोराला घालताना "विटा कधी फोडायला शिकवणार?" म्हणून विचारू नका. ते कराटे. ज्युडोत ठोसाही नाही आणि लाथही नाही.

खरी मेख पकडीत आहे.

मातीत तुम्ही अंग धरता. मान, मनगट, बगल, कंबर, मांडी. फार तर लांगेला हात जातो. अंगाला घाम असतो, पकड निसटते. म्हणून पैलवान जवळ घुसतो, छाती भिडवतो आणि पाठीच्या, कमरेच्या जोरावर काम करतो. खडाखडीत हात सोडून मागे सरायला त्याला मोकळीक असते.

ज्युडोत तुम्ही कापड धरता. एक हात समोरच्याच्या बाहीला, कोपराजवळ, दुसरा कॉलरला. जाड विणीचं कापड घामाने निसटत नाही. हातभर अंतरावरून दिलेला हिसका थेट त्याच्या खांद्यापर्यंत पोचतो, त्यासाठी छातीला छाती लावावी लागत नाही. ज्याची बाही धरली त्याचा तो हात गेला म्हणून समजा: त्या हाताने तो अडवूही शकत नाही आणि पडताना तो हात टेकवूही शकत नाही. आणि हेच पैलवानाला सर्वांत उशिरा उमगतं की आपल्या अंगातला कोट हा समोरच्याच्या हातातली मूठ आहे. निसटणं नावाचा त्याचा जुना भरवसा इथे चालत नाही.

म्हणून ज्युडोतली निम्मी लढाई टाकण्याआधीच होते. कोणाचा हात आधी बसतो, कोणाचा हात झटकला जातो. दोघेही उजवे असतील तर एकमेकांच्या बाह्या सहज हाती लागतात. एक उजवा आणि एक डावा असला की कॉलरचे हात एकमेकांत अडकतात, बाही लांब जाते आणि त्या एका बाहीसाठी मिनिट मिनिट झटापट चालते. बघणाऱ्याला वाटतं, नुसते कपडे ओढतायत. ते ओढणंच डाव आहे. तोल आधी बिघडवायचा, मग आत शिरायचं, मग टाकायचं. तोल न बिघडवता मारलेला डाव म्हणजे भिंतीला धडक.

याची किंमत हाताचे पंजे मोजतात. खानापूरकडचा एक पोरगा आमच्याकडे आला होता. जोर-बैठकांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दोन लढती झाल्या आणि त्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येईना. ताकद कमी नव्हती. मूठ सतत आवळून ठेवली की कोपराखालच्या स्नायूंत रक्त नीट फिरत नाही, हात दगडासारखा होतो. कुस्तीत मूठ आवळते, सुटते, पुन्हा आवळते. इथे ती आवळलेलीच राहते, आणि एकाच दिवसात अशा चार-पाच लढती.

पवित्राही याच कापडामुळे बदलतो. पैलवान कमरेत वाकून, डोकं पुढे घालून उभा राहतो, कारण त्याला पट, म्हणजे पाय धरून पाडणं, वाचवायचा असतो. ज्युडोत पटाची भीतीच उरलेली नाही: २०१० पासून पाय धरण्यावर बंधनं आली आणि २०१३ पासून उभ्याने पाय धरणं पूर्ण बंद आहे. तरी आमचा पैलवान वाकतोच. वाकला की पाठीवरची कॉलर आयती समोरच्याच्या हाती जाते, आणि फार वाकून बचावच करत राहिला तर पंच शिडो, म्हणजे दंडाची ताकीद, देतात. तीन शिडो झाले की लढत गेली. हा पट बंद करण्याचा नियम मला स्वतःला पटत नाही, पण नियम तो नियम.

निकालातला एक फरक मात्र जीवावर बेतू शकतो. पडताना मानेवर पूल बांधून, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून अंगाची कमान करून, पाठ वाचवायची, हे तालमीत लहानपणापासून अंगात मुरवलेलं असतं. ज्युडोत पूल बांधून उतरलात तरी ते पाठीवर पडल्यासारखंच धरतात आणि पूर्ण इप्पॉन देतात, म्हणजे लढत तिथेच हरलात. मानेचं रक्षण व्हावं म्हणूनच हा नियम आहे. तेव्हा नव्या पैलवानाला मी आधी पडायला शिकवतो, डाव नंतर. जमिनीवर उलथवून चीत केल्यानेही इथे लगेच निकाल होत नाही. २० सेकंद दाबून ठेवावं लागतं.

बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव ज्युडोतून कुराश या मध्य आशियातल्या कुस्तीप्रकाराकडे वळली आणि २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत तिने ५२ किलो गटात कांस्यपदक आणलं. त्या वेळीही आपल्याकडे काहींनी ते कुस्तीचं पदक म्हणून सांगितलं. कुराशमध्येही जाकीट असतं, पकड कापडाचीच, फक्त जमिनीवरची झुंज नाही. ज्युडोतली पकड तिथे थेट उपयोगी पडते.

तालमीतून येणार असाल तर जोर-बैठका सोडू नका, त्या कमरेचा जोर ज्युडोत सोनं आहे. फक्त एक जुना जाड कोट आडव्या दांड्यावर टाका, त्याच्या दोन्ही बाह्या धरून लोंबकळा, आणि मूठ सुटेपर्यंतचे सेकंद मोजून वहीत लिहा. रोज.