जहाजाच्या बुडाखाली नक्की किती पाणी असतं?

चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, खोली 12 मीटर लिहिलीय, जहाजाचा ड्राफ्ट म्हणजे पाण्याखाली असलेला भाग 11 मीटर, म्हणजे बुडाखाली 1 मीटर पाणी उरलं, असा हिशोब आपण करू. पण उथळ, अरुंद चॅनलमधे, म्हणजे जहाजांच्या ठरलेल्या वाटेत, तो चुकतो, कारण जहाज चालायला लागलं की खाली बसतं!

याला स्क्वॉट म्हणतात. जहाज पुढे सरकलं की समोरचं पाणी बाजूने आणि बुडाखालून मागे जातं, जागा कमी म्हणून जोरात पळतं, पळणाऱ्या पाण्याचा दाब कमी होतो आणि जहाज आणखी खाली जातं. पोट भरून माल घेतलेला टँकर 10 नॉटने (म्हणजे ताशी साधारण 18.5 किलोमीटर वेगाने) चालला तर उथळ पण मोकळ्या पाण्यात ढोबळमानाने 80 सेंटीमीटर बसतो, अरुंद कालव्यात जवळपास दुप्पट. वेग निम्मा केला की हेच बसणं पावपट होतं. आणि वळताना जहाज कलतं ते वेगळंच, 50 मीटर रुंद जहाज फक्त 1 अंश कललं तरी एक कड 44 सेंटीमीटर खाली जाते.

7 ऑगस्ट 1992 ला क्वीन एलिझाबेथ 2 हे प्रवासी जहाज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सजवळ पाण्याखालच्या खडकांना घासलं. चार्टवर तिथे 39 फूट खोली होती, ड्राफ्ट साधारण 32 फूट, पण वेग 25 नॉटच्या आसपास, स्क्वॉटचा अंदाज कमी पडला आणि चार्टमागचा सर्व्हे होता 1939 चा! मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं कारण चार्ट कागदाचा असो की स्क्रीनवरचा, आत आकडा जुना असेल तर काय उपयोग.

आता मल्टीबीम सोनारने, म्हणजे एकाच वेळी अनेक ध्वनिलहरी सोडून, तळाचा पट्टाच्या पट्टा मोजतात, आधी दोरी सोडून एकेक ठिकाणची खोली घ्यायचे. जहाजावरचा इको साउंडर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीने खोली मोजणारं यंत्र, फक्त आत्ता बुडाखाली किती पाणी आहे ते सांगतो, पुढचं नाही. शिवाय जहाज नेमकं कुठे आहे तेही कळावं लागतं, म्हणून पायलट, म्हणजे बंदराच्या वाटेत जहाजाला मार्ग दाखवणारे जाणकार, जहाजावर चढताना जागा दाखवणारं स्वतःचं पोर्टेबल युनिट घेऊन येतात, त्याच्या दोन अँटेनांमधून जहाजाचं तोंड कुठे आहे ते अगदी बारीक कळतं. लागतंच ते, कारण 300 मीटरचं जहाज 1 अंश तिरकं झालं की पुढच्या आणि मागच्या टोकात 5 मीटरचा फरक पडतो, आणि काठाजवळ गेलं की मागचं टोक काठाकडे ओढलं जातं.

आणि आता येतंय एस-100, म्हणजे डिजिटल चार्टचं नवं मानक. 1 जानेवारी 2029 पासून जहाजावर नव्याने बसवलेल्या चार्ट यंत्रणेला ते सक्तीचं आहे. त्यात तळाची खोली, भरती-ओहोटीची पातळी, प्रवाह असे थर एकावर एक चढतात आणि एक थर खास बुडाखालच्या पाण्याचा. त्यात त्या जहाजासाठी, त्या फेरीसाठी, चॅनलमधल्या ठरलेल्या जागा किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ओलांडता येतील ते असतं, म्हणजे बाहेर नांगर टाकून भरतीची वाट बघणाऱ्या कॅप्टनला नुसती खोली नाही, वेळही कळते.