कॅरॉसियसची नाणी : बंडखोर टाकसाळीची पार्श्वभूमी

रोमन साम्राज्यात गादी बळकावणाऱ्याला आधी सैनिकांचं वेतन चुकवावं लागे. हाताशी टाकसाळ नसेल तर ती उभारणं ओघानेच आलं. इंग्लिश खाडीतल्या चाच्यांच्या बंदोबस्ताला नेमलेला कॅरॉसियस त्यांची लूट स्वतःच लाटतो, असा आरोप झाला. सम्राट मॅक्सिमियनने मृत्युदंड फर्मावताच, इ.स. २८६च्या सुमारास, त्याने ब्रिटन आणि उत्तर गॉलचा (आजच्या फ्रान्सच्या बाजूचा) काही भाग घेऊन स्वतःला सम्राट घोषित केलं. लंडनची पहिली रोमन टाकसाळ त्याचीच.

सुरुवातीची घाई नाण्यांवर दिसते. गॉलमधल्या आधीच्या बंडखोरांची, म्हणजे व्हिक्टोरिनस-टेट्रिकसची, जुनी नाणी न वितळवता त्यांच्यावरच नवा ठसा मारलेला सापडतो. विक्रेते कधी याला ‘दुहेरी ठोका’ म्हणतात, ते चूक. दुहेरी ठोक्यात तीच अक्षरं थोडी सरकून पुन्हा उमटतात. इथे मात्र कॅरॉसियसच्या दाढीखालून दुसऱ्याच्या नावाची अक्षरं डोकावतात. नाण्याची चकती ठशापेक्षा लहान असली की खालची टाकसाळीची खूण कापली जाते. मग ‘एमएल’ म्हणजे लंडन, की ‘सी’, हे ठरवणं अवघड. (ही ‘सी’ टाकसाळ कुठली, यावर वाद आहेच.)

चांदीची गोष्ट वेगळी. साम्राज्याच्या नाण्यांत नावापुरती चांदी उरली असताना त्याने उत्तम कसाची नाणी पाडली. त्यांच्या तळाशी ‘आरएसआर’ ही अक्षरं. बराच काळ तो खजिन्याच्या अधिकाऱ्याचा हुद्दा मानला जाई. १९९०च्या दशकात ती रोमन कवी व्हर्जिलच्या ‘रेदेउंत सातुर्निया रेग्ना’, म्हणजे ‘सुवर्णयुग परतते आहे’, या शब्दांची आद्याक्षरं असल्याचं दाखवून देण्यात आलं. पुरावा एका पदकावर होता : त्यावर कवितेतल्या पुढच्याच ओळीची आद्याक्षरं आहेत.

नंतरच्या काही नाण्यांवर ‘ऑगस्टस’ या सम्राटपदवीच्या लघुरूपात ‘जी’ तीनदा येतो. तीन जी म्हणजे तीन सम्राट : डायोक्लेशियन, मॅक्सिमियन आणि स्वतः. खाडीपलीकडच्या, त्या दोघांच्या टाकसाळींनी या बंधुभावाला कधीच दाद दिली नाही.

दुर्मीळ नावाच्या मोहापायी साध्या नाण्याची अक्षरं कोरून बदलण्याचे प्रकार होतात. दहापट भिंगाखाली अक्षरांभोवतीचा भाग खोल, ओरखडलेला आणि हिरवट थर तुटलेला दिसला, तर नाणं घेऊ नये.

२९३मध्ये कॅरॉसियसचा खून त्याच्याच हाताखालच्या अलेक्टसने केला. गलबताची छाप असलेली छोटी नाणी या अलेक्टसचीच. २९६मध्ये तोही मारला गेला.