घरची स्ट्रॉबेरी

गच्चीवर, बाल्कनीत किंवा परसात, कुंड्यांतून नाहीतर लहानशा वाफ्यातून घरच्यापुरती घेतली जाणारी स्ट्रॉबेरी. महाराष्ट्रात तिचा हंगाम आखूड असतो. नवरात्राच्या आगेमागे रोप लावायचे, दिवाळीनंतर फुले दिसू लागतात आणि डिसेंबरपासून होळीपर्यंत फळे हाती येतात. एका रोपामागे घरी मोसमात पाव किलो फळ मिळाले तरी रोपाने आपले काम चोख केले असे समजावे. एवढ्याशा फळासाठी हा खटाटोप का करावा, याचे उत्तर या फळाच्या स्वभावात आहे. आंबा, चिकू, केळे ही फळे झाडावरून उतरवल्यावर आढीत पिकतात. स्ट्रॉबेरी तशी पिकत नाही. तोडल्यावर तिचा रंग थोडा गडद होतो, ती मऊ पडते, पण गोडी तोडताना होती तेवढीच राहते. शहरात पाठवायचे फळ वाटेत टिकावे म्हणून बेताचे लाल झालेले असतानाच काढावे लागते. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. देठापर्यंत पिकलेले फळ पनेटमध्ये (फळांच्या लहान डबीत) बसून मुंबईपर्यंतचा घाट आणि गचके सोसू शकत नाही. तसे फळ खायचे तर शेताच्या बांधावर उभे राहून खावे, नाहीतर घरी लावावे.

वनस्पती आणि फळ

स्ट्रॉबेरी गुलाबाच्या कुळातली (रोझेसी) आहे. फ्रॅगॅरिया × अननासा हे तिचे शास्त्रीय नाव. ही बुटकी, बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचे खोड म्हणजे मातीलगतचा इंचभर उंचीचा गड्डा. त्यातूनच तीन-तीन पर्णिकांची पाने, फुलांचे दांडे आणि जमिनीवरून सरपटत जाणारे लांब धुमारे निघतात. शेतकरी या धुमाऱ्यांना रनर म्हणतात. रनरच्या पेरावर नवे रोप तयार होते आणि मातीला टेकताच मुळे धरते. लागवडीची बहुतेक रोपे अशीच तयार करतात.

आपण जे फळ म्हणून खातो ती खरे तर फुलाची फुगलेली बैठक, म्हणजे पुष्पासन. ज्यांना आपण बिया म्हणतो ते पिवळसर दाणे हीच या वनस्पतीची खरी फळे. प्रत्येक दाण्याच्या आत एकेक बी असते. एका स्ट्रॉबेरीवर असे साधारण दोनशे दाणे असतात आणि भोवतालचा गर फुगवणारे संप्रेरक तेच पुरवतात. कोवळ्या फळावरचे दाणे काढून टाकले तर तेवढ्या जागेची वाढ थांबते, हे १९५० मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. बाल्कनीतल्या रोपावर एका बाजूने चेपलेले, खोच पडलेले फळ दिसले तर भिंग घेऊन पाहावे. दबलेल्या भागात दाणे बारीक, पोचट आणि एकमेकांना चिकटून बसलेले असतात. तिथे परागकण पोचलेलेच नसतात.

मूळ

आजची बागायती स्ट्रॉबेरी फार जुनी नाही. ती दोन अमेरिकी जातींचा संकर आहे आणि तो झाला युरोपात, योगायोगाने. फ्रेंच लष्करातला अभियंता आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करायला गेला होता. चिलीतले स्थानिक लोक फार पूर्वीपासून पिकवत असलेली मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी त्याने तिथे पाहिली आणि १७१४ मध्ये परतताना रोपे बरोबर आणली. लांबच्या समुद्रप्रवासात मोजक्या गोड्या पाण्यावर त्यातली पाच जगली. फ्रान्समध्ये ती वाढली, फुलली, पण फळेनात, कारण सगळी मादी रोपे होती. पुढे उत्तर अमेरिकेतून आलेली व्हर्जिनियाची स्ट्रॉबेरी शेजारी लावल्यावर तिच्या परागांनी फळ धरले आणि त्यातून मोठे, सुवासिक असे नवे वाण निपजले. अवघ्या एकोणीस वर्षांच्या आंतवान निकोला द्यूशेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये हा संकर ओळखून नोंदवला. वासात अननसाची आठवण होते, म्हणून नाव अननासा.

आपल्याकडे हे पीक ब्रिटिश अमदानीत महाबळेश्वरला आले. तिथली तांबडी, निचऱ्याची माती आणि हिवाळ्यातल्या गार रात्री त्याला मानवल्या. महाबळेश्वर-पाचगणीचा टापू आज देशातल्या स्ट्रॉबेरीचा मुख्य पुरवठादार आहे आणि महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाणारे भिलार मुळात स्ट्रॉबेरीचेच गाव. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, कळवण भागातही लागवड वाढली आहे.

घरी लावणाऱ्याने महाबळेश्वरकडून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्यात स्ट्रॉबेरीचे रोप तग धरत नाही. म्हणून आणलेल्या मातृरोपांपासून नवी रोपे करण्याचे काम घाटाखाली, वाईच्या बाजूच्या कमी पावसाच्या पट्ट्यात होते आणि पाऊस ओसरला की ती वर लागवडीला जातात. थंड देशांतल्या पुस्तकांत रोपाला बर्फापासून कसे वाचवावे याची प्रकरणे असतात. आपल्या रोपाचे शत्रू पाऊस आणि एप्रिल-मेचे ऊन.

लागवड

रोप विकतच घ्यावे. बियांची पाकिटे सर्रास मिळतात, निळ्या-काळ्या स्ट्रॉबेरीची चित्रे छापलेलीसुद्धा. निळी स्ट्रॉबेरी अस्तित्वातच नाही. संकरित वाणाच्या बीपासून आलेले रोप आईसारखे निघेल याचा भरवसा नसतो आणि फळ दिसायला बराच काळ जातो. दुसरी फसगत पिवळ्या फुलाच्या रोपाची. डोंगरात आपोआप उगवणारी ती नकली स्ट्रॉबेरी. तिची लाल फळे दिसायला गोंडस असतात, चवीला पाणचट. खऱ्या स्ट्रॉबेरीचे फूल पांढरे असते.

वाणांपैकी विंटर डॉन लवकर फळते. कामारोसाचे फळ टणक आणि वाहतुकीला उत्तम, म्हणून ते व्यापाऱ्यांच्या पसंतीचे. घरासाठी मात्र माझे मत स्वीट चार्लीला. तिचे फळ मऊ असते, आंबटपणा कमी असतो. शेतकऱ्याला अडचणीचा वाटणारा तिचा नाजूकपणा गच्चीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वीस पावलांत आड येत नाही.

मुळे बहुतांशी वरच्या सहा इंचांत पसरतात, त्यामुळे खोल कुंडी लागत नाही. आठ इंची कुंडीत एक, बारा इंचीत तीन रोपे सुखाने राहतात. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान घ्यावे, मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. मिश्रण किंचित आम्लधर्मी (सामू, म्हणजे पीएच, ५.५ ते ६.५) असलेले बरे. चुनखडीची काळी माती टाळावी. तीत पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात.

लावताना चूक होते ती गड्ड्याच्या बाबतीत, आणि बहुतेक रोपे याच चुकीने जातात. रोप हातात धरून पाहिले तर खाली तपकिरी मुळांचा झुपका, वर पानांचे देठ आणि मधे जाडसर गड्डा दिसतो. गड्ड्याच्या मधोमध घडी घातलेले कोवळे पान असते, तोच रोपाचा जीव. हे पान मातीखाली गेले की गड्डा कुजतो. मुळे उघडी राहिली तर रोप सुकते. मातीची रेघ बरोबर गड्ड्याच्या कमरेशी यावी. पाणी घातल्यावर माती खचते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकून पाहावे.

दिवसाला सहा तास तरी ऊन हवे. पाणी सकाळी, बुंध्याशी आणि बेताने. लागवडीनंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत आलेली फुले आणि सगळे रनर खुडून टाकावेत. फूल खुडताना जिवावर येते, पण आधी मुळे धरली तरच पुढचा बहर चांगला येतो. नत्राचे खत जास्त झाले तर पाने माजतात आणि फळ मागे पडते. फुले धरू लागली की रोपाखाली भाताचा पेंढा किंवा वाळका पालापाचोळा पसरावा. फळ ओल्या मातीला टेकले की राखाडी बुरशी धरते आणि एका फळाची बुरशी शेजारच्यांना लागायला वेळ लागत नाही.

आपल्याकडची नेहमीची वाणे आखूड दिवसांची आहेत. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की ती कळ्या धरतात. म्हणून पुणे, सातारा, नाशिक इथल्या गच्च्यांवर स्ट्रॉबेरी छान येते. नागपुरात डिसेंबर-जानेवारी उत्तम जातो, मग ऊन लगेच चटका देऊ लागते. मुंबईत आणि कोकणपट्टीत रात्री पुरेशा गार होत नाहीत; तिथे फळ बारीक आणि कमी येते, हे मनाशी धरूनच लावावे.

प्रत्येक तुऱ्यातले पहिले फूल सर्वांत मोठे असते आणि त्याचेच फळ सर्वांत मोठे होते. मागून येणारी फळे क्रमाने लहान होत जातात. मधमाश्या येत नसतील अशा मजल्यावर सकाळी मऊ कुंचला फुलाच्या पिवळ्या मध्यावरून गोल फिरवावा, आधी बाहेरच्या पुंकेसरांवर, मग मधल्या उंचवट्यावर. फूल उमलल्यापासून महिनाभरात फळ तयार होते.

किडींत मावा आणि लाल कोळी जास्त त्रास देतात. कोळी हवा कोरडी झाली की पानाच्या मागे येतो. पानाची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुणे हा पहिला उपाय, मग निंबोळी अर्क. स्ट्रॉबेरी सोलून खाता येत नाही, सालीवर जे असेल ते पोटात जाते. घरी लावण्याचे हे एक भक्कम कारण आहे आणि ते रासायनिक फवारे घरातच मारून घालवू नये. बुलबुल आणि खारी यांना पिकू लागलेले फळ आपल्याआधी सापडते. फळ गुलाबी होताच झाडावर जाळी टाकावी.

तोडणी आणि खाणे

फळ टोकाकडून लाल होत वर येते. देठाजवळची पांढरी कड गेली, हिरव्या पाकळ्या मागे वळल्या आणि जवळ गेल्यावर वास आला, की आणखी एक दिवस थांबावे. मग सकाळी, ऊन चढण्याआधी, फळ न ओढता देठ नखाने खुडून तोडावे. धुवायचे ते खाण्याच्या वेळी, देठासकट. देठ आधी काढला तर आत पाणी शिरून चव पातळ होते. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ५९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. काही जणांना हे फळ खाऊन अंगावर पित्त उठते. त्यांनी जपून खावे.

घरच्या फळाला खरे तर काहीच लागत नाही. तरी आठ-दहा एकदम पिकली तर फोडी करून थोडी पिठीसाखर भुरभुरावी आणि पंधरा मिनिटे ठेवावे; सुटलेल्या रसात घरची घट्ट साय घातली की महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी-क्रीमची चव समोर येते. दुधात घालून शिकरण करू नये, आंबटपणाने दूध फाटू शकते. चक्क्यात मात्र ती सुंदर मुरते. मुरांब्यासाठी टणक फळे निवडावीत आणि या फळात पेक्टिन (मुरांबा घट्ट करणारा फळातला घटक) कमी असल्याने लिंबाचा रस पिळावा, नाहीतर पाक धरत नाही.

मार्चअखेर फळे बारीक आणि आंबट होऊ लागतात. तेव्हा रोप उपटून टाकण्याची घाई नको. सर्वांत निरोगी कुंडी सावलीत हलवावी आणि तिचे रनर येऊ द्यावेत. ते शेजारच्या लहान कुंड्यांतल्या मातीवर टेकवून हेअरपिनने अडकवावेत. जूनपासून सगळे पत्र्याखाली किंवा वळचणीला, जिथे पाऊस थेट पडणार नाही पण हवा खेळती राहील. सप्टेंबरमध्ये नव्या रोपाला पाच-सहा पाने झाली, की आईशी जोडणारा धुमारा कात्रीने कापावा.