जपानमध्ये आल्यावरचे पहिले चौदा दिवस: कुयाकुशोतली कामं, कोणाला काय लागू आणि कोणती कागदपत्रं लागतात

जपानमध्ये नव्याने आलेल्या माणसाची सगळी कामं पत्त्यावर अडतात. बँक पत्ता मागते, मोबाइलवाला पत्ता मागतो, आरोग्य विमा तर पत्त्याशिवाय सुरूच होत नाही. घराचा करारनामा दाखवून इथे भागत नाही; झायर्यू कार्डाच्या (परदेशी रहिवाशाच्या सरकारी ओळखपत्राच्या) मागच्या बाजूला सरकारी कार्यालयाने लिहून दिलेला पत्ता लागतो. त्यामुळे घराची चावी मिळाली की कुकर आणि गादीची खरेदी थांबवा, आधी कुयाकुशो म्हणजे वॉर्ड ऑफिस गाठा. वॉर्ड नसलेल्या शहरात त्याला शियाकुशो म्हणतात.

तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थी, नोकरदार आणि त्यांच्या कुटुंबीयांना हे सगळं लागू आहे. पर्यटक म्हणून आलेल्यांचा इथे संबंध नाही. नारिता, हानेदा, चुबू, कान्साई, न्यू चितोसे, हिरोशिमा किंवा फुकुओका विमानतळावर उतरलात तर झायर्यू कार्ड तिथेच हातात मिळतं. इतर ठिकाणी उतरलात तर पासपोर्टवर तशी नोंद करतात आणि पत्ता नोंदवल्यावर कार्ड पोस्टाने येतं. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाने ते कायम जवळ बाळगायचं, नाहीतर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

विद्यार्थ्यांनी विमानतळावरच आणखी एक काम उरकावं. पार्टटाइम नोकरीसाठी वेगळी परवानगी लागते आणि नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला ती इमिग्रेशनच्या खिडकीवरच मागता येते. परवानगी मिळाली की आठवड्याला २८ तास काम करता येतं. कॉलेजच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास चालतात.

पत्त्याची नोंद

राहायचं ठिकाण पक्कं झाल्यापासून १४ दिवसांत ही नोंद करायची असते. हे दिवस विमान उतरल्यापासून मोजत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला आठवडाभर हॉटेलात राहिलात तर घाबरायचं कारण नाही. मात्र देशात आल्यापासून ९० दिवस नोंदच केली नाही, तर राहण्याचा परवाना रद्द होऊ शकतो.

एकट्या माणसाला पासपोर्ट आणि झायर्यू कार्ड पुरतं. कुटुंब असेल तर नातं सिद्ध करणारा सरकारी कागद आणि त्याचं जपानी भाषांतर लागतं, आणि अडकायला होतं ते इथेच. बायकोसाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मुलांसाठी जन्मदाखला. महाराष्ट्रातले हे दाखले मराठी-इंग्रजीत असले तरी जपानी भाषांतर जोडावंच लागतं. साधारणपणे ते तुम्ही स्वतः किंवा जपानी येणाऱ्या मित्राने केलं तरी चालतं, फक्त खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव हवं. मूळ दाखला पुण्या-नागपूरच्या कपाटात ठेवून येऊ नका.

फॉर्ममध्ये 'सेताइनुशी' असा रकाना असतो. तिथे कुटुंबप्रमुखाचं नाव येतं. एकटे असाल तर तुमचंच. नावाचं काताकानातलं, म्हणजे परदेशी नावांसाठी वापरतात त्या जपानी लिपीतलं, रूप घरीच ठरवून जा. जपानी लिपीत सुटं व्यंजन 'न' सोडून लिहिता येत नाही, त्यामुळे कुलकर्णी हे 'कुरुकारुनि' होतं. वडिलांचं नाव पासपोर्टवर असेल तर तेही ओढीने येतं आणि रकाना पुरत नाही. जे रूप इथे लिहाल, तेच बँकेत, विम्यात, पेन्शनमध्ये अक्षरशः तसंच लिहा. एका अक्षराच्या फरकामुळे पगार जमा न होता परत गेल्याची उदाहरणं आहेत.

निघण्याआधी जूमिनह्यो, म्हणजे रहिवासी दाखल्याच्या एक-दोन प्रती घेऊन ठेवा. पुढे कामी येतात.

त्याच फेरीत विमा आणि पेन्शन

कंपनीत नोकरी असेल तर आरोग्य विमा आणि पेन्शन दोन्ही बहुतेक वेळा कंपनी पाहते. विद्यार्थ्यांनी आणि कंपनीचा विमा नसलेल्यांनी कोकुमिन केन्को होकेन, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या खिडकीवर जायचं. दवाखान्यात आपण ३० टक्के भरतो. 'आजारी पडलो की घेऊ' हा हिशोब इथे चालत नाही: उशिरा नाव नोंदवलं तरी हप्ता तुम्ही पात्र झालात त्या महिन्यापासूनच आकारतात. हप्ता मागच्या वर्षीच्या जपानमधल्या उत्पन्नावर ठरतो, म्हणून नव्या माणसाला कमी येतो. उत्पन्न शून्य असल्याचं त्याच खिडकीवर लिहून द्या.

पेन्शनकडे आपली मुलं हमखास दुर्लक्ष करतात. वय २० ते ५९ असलेल्या प्रत्येक रहिवाशाला ती लागू आहे, विद्यार्थ्यांनासुद्धा. २०२५-२६ मध्ये तिचा हप्ता महिना १७,५१० येन होता. विद्यार्थ्याला हे परवडणारं नाही, म्हणून सवलतीचा अर्ज त्याच दिवशी भरा आणि दरवर्षी पुन्हा भरा. विद्यार्थी ओळखपत्र सोबत लागतं. बऱ्याच जपानी भाषाशाळा विद्यार्थी सवलतीच्या यादीत नसतात. तशी शाळा असेल तर उत्पन्नावर आधारित सर्वसाधारण माफी मागायची.

भारतीय कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी पाठवलं असेल तर गोष्ट वेगळी. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. निघण्यापूर्वी ईपीएफओकडून (भारताची भविष्य निर्वाह निधी संघटना) कव्हरेज प्रमाणपत्र घेतलं तर जपानची पेन्शन भरावी लागत नाही. आरोग्य विमा मात्र यात येत नाही. ज्यांनी जपानमध्ये किमान सहा महिने पेन्शन भरली, त्यांना देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परताव्याचा अर्ज करता येतो. पण परतावा घेतला की ती वर्षं भारतातल्या सेवेशी जोडता येत नाहीत, तेव्हा विचार करून घ्या.

नंतर पोस्टाने येणारं

पत्ता नोंदवल्यावर दोन-तीन आठवड्यांनी १२ आकडी माय नंबरची, म्हणजे रहिवाशाच्या ओळख क्रमांकाची, सूचना रजिस्टर्ड पोस्टाने येते. टपालपेटीवर तुमचं नाव नसेल तर ती परत जाते. कागदाच्या चिठ्ठीवर काताकानात लिहून चिकटवलं तरी पुरे. २ डिसेंबर २०२४ पासून जुनी विमा कार्डं नव्याने देणं बंद झालं आहे. दवाखान्यात आता माय नंबर कार्ड किंवा त्याऐवजी मिळणारं पात्रतापत्र दाखवतात. तुमच्या माय नंबर कार्डाची मुदत व्हिसाच्या मुदतीबरोबर संपते, म्हणून व्हिसा वाढवला की कार्डही वाढवून घ्यावं लागतं.

जपानमध्ये आल्यापासून सहा महिन्यांच्या आत बँकेचं खातं काढणाऱ्यांवर, विशेषतः विद्यार्थ्यांवर, बऱ्याच बँका बंधनं घालतात. अशा वेळी पोस्टाची युचो बँक आधी विचारून पाहा.

नोकरदारांनी रहिवासी कराची तयारी ठेवावी. पहिल्या वर्षी तो येत नाही, कारण १ जानेवारीला तुम्ही इथे राहत असाल तरच मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर तो लागतो, आणि जूनपासून पगारातून कापला जातो. साधारण दहा टक्के. घर बदललं तर जुन्या कार्यालयात जातो म्हणून कळवायचं आणि नव्या कार्यालयात १४ दिवसांत नोंद करायची. नोकरी बदलली तर इमिग्रेशनलाही १४ दिवसांतच कळवायचं. हे ऑनलाइन होतं.