दाढीवालं गिधाड कोकरं पळवत नाही

आल्प्समधलं दाढीवालं गिधाड कोकरं उचलून नेतं, संधी साधली तर तान्हं मूलसुद्धा, ही गोष्ट युरोपात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. आजही ती अधूनमधून डोकं वर काढते. तिच्यात काही दम नाही.

पंखांचा पसारा अडीच मीटरच्या वर, त्यामुळे पक्षी अजस्र भासतो खरा. पण वजन जेमतेम पाच ते सात किलो, आणि भक्ष्य मारणारी गरुडाची पकड त्याच्या पंज्यात नाही. त्याचं मुख्य खाणं म्हणजे हाडं! हिमकडे कोसळून मेलेल्या रानबकऱ्यांवर आधी इतर प्राणी ताव मारतात, हा मागाहून येतो. छोटं हाड अख्खं गिळतो. मोठं असेल तर ते घेऊन उंच जातो आणि ठरलेल्या कातळावर सोडतो, फुटेपर्यंत पुन्हापुन्हा. पोटातलं आम्ल इतकं जहाल की हाडही विरघळतं. छातीचा तांबूस रंग रक्ताचा नव्हे. लोहयुक्त चिखलात लोळून तो चढवलेला असतो. (हौस दांडगी!)

या बदनामीपायी त्याच्या डोक्यावर इनामं लागली. आल्प्समधलं शेवटचं मानलं जाणारं गिधाड 1913 मध्ये इटलीच्या आओस्ता खोऱ्यात मारलं गेलं. हिमालयात, स्पिती-लडाखकडे, हाच पक्षी टिकून राहिला. आल्प्समध्ये मात्र बंदिवासात वाढवलेली पिल्लं 1986 पासून ऑस्ट्रियात सोडावी लागली; त्यानंतरचं रानातलं पहिलं पिल्लू 1997 मध्ये फ्रान्समध्ये जन्मलं.